नॅरोबोटीवरील घरगुती बॅटऱ्या : कोणत्या घ्याव्यात आणि कशा टिकवाव्यात?

कालवाकाठ

नमस्कार. आम्ही उभयता या उन्हाळ्यापासून इंग्लंडमधील ग्रँड युनियन कालव्यावर ५७ फुटी नॅरोबोटीवर (कालव्यांसाठी बनवलेल्या लांब, अरुंद बोटीवर) राहतो. कायमचे मूरिंग (बोट बांधण्याची हक्काची जागा) घेतलेले नाही, त्यामुळे १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातील अटीप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक थांबता येत नाही आणि काठावरची वीजही मिळत नाही. उन्हाळ्यात सगळे सुरळीत चालले. ऑक्टोबर सरता सरता मात्र पहाटे फ्रिज बंद पडू लागला आणि इन्व्हर्टर व्होल्टेज कमी झाल्याची सूचना देऊ लागला.

इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी आहे आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. घरगुती वापरासाठी ११० अँपिअर-तासांच्या चार सीलबंद शिसे-आम्ल बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. त्यांचे वय आधीच्या मालकांना सांगता आले नाही. छतावर ४०० वॅटचे सौर पॅनेल आडवे बसवलेले आहेत आणि इंजिनावर ९० अँपिअरचा अल्टरनेटर आहे. स्वयंपाक गॅसवर होतो. विजेवर चालणाऱ्या गोष्टी म्हणजे १२ व्होल्टचा फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, डिझेल हीटर, राउटर, दोघांचे लॅपटॉप (दोघेही बोटीवरूनच नोकरी करतो) आणि वाटणापुरता भारतातून आणलेला ७५० वॅटचा मिक्सर.

नव्या बॅटऱ्या घ्यायच्याच असतील तर कोणत्या आणि किती घ्याव्यात? नाशिकच्या घरी इन्व्हर्टरला जोडलेली उंच ट्युब्युलर बॅटरी वर्षानुवर्षे चालली. तशी बॅटरी येथे का वापरत नाहीत, हेही समजून घ्यायचे आहे.

सुकाणू

बॅटरी निवडण्यापूर्वी चार्जिंगचा विचार करावा, हे माझे ठाम मत आहे. बोटीवर किती वीज लागते याचा हिशेब सगळे मांडतात. ती वीज डिसेंबरात परत कशी भरायची याचा हिशेब फार थोडे लोक मांडतात, आणि बॅटऱ्या बहुधा तेथेच मरतात.

तुमच्या यादीवरून अंदाज करून पाहू. कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो आणि दिवसाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक काळ चालतो, म्हणजे ३५ ते ४० अँपिअर-तास. राउटर दिसायला क्षुल्लक वाटतो, पण तो एक अँपिअरच्या आसपास घेऊन २४ तास चालू असतो. त्याचे वीसहून अधिक धरा. दोन लॅपटॉप सरासरी ८० वॅट घेत असतील तर आठ तासांच्या कामाचे ५३ अँपिअर-तास होतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी सुमारे एक अँपिअर खातो. डिझेल हीटर पेटताना थोडा वेळ ८ ते १० अँपिअर आणि नंतर दोन-अडीच अँपिअर घेतो. दिवे एलईडी असतील तर त्यांची काळजी नको आणि पंपाचीही नको. हे सगळे मिळून दिवसाला १५० अँपिअर-तासांच्या आसपास जाते.

मिक्सरबद्दल बऱ्याच जणांना उगीच धास्ती वाटते. ७५० वॅटचा मिक्सर पूर्ण ताणावर इन्व्हर्टरच्या तोट्यासह सुमारे ७० अँपिअर खेचतो हे खरे, पण तीन मिनिटांच्या वाटणाला साडेतीन अँपिअर-तासच लागतात. राउटर त्याच्या कितीतरी पट घेतो. फक्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि मोटर सुरू होतानाचा झटका सोसण्याइतका मोठा असावा.

आता भरण्याची बाजू. इंग्लंडच्या दक्षिण भागात जून महिन्यात आडव्या पृष्ठभागावर दिवसाला प्रति चौरस मीटर सुमारे ५ किलोवॅट-तास ऊन पडते, डिसेंबरात ते जेमतेम अर्धा किलोवॅट-तास असते. म्हणजे तुमच्या ४०० वॅटच्या पॅनेलकडून जूनमध्ये तोटा वजा जाता १२० अँपिअर-तास मिळतील, तर डिसेंबरात १५ मिळाले तरी समाधान मानावे लागेल. काठावर झाडी असेल किंवा बोट एखाद्या खोल कटिंगमध्ये (जमीन खोदून काढलेल्या, दोन्ही बाजूंना उंच उतार असलेल्या भागात) बांधलेली असेल तर तेवढेही नाही. तुमच्या बॅटऱ्या ऑक्टोबरात अचानक बिघडल्या असे मला वाटत नाही. त्या आधीच खराब असाव्यात आणि उन्हाळाभर उन्हाने ते झाकून ठेवले असावे.

उरलेले सगळे इंजिनातून यायला हवे. इंजिन नुसते चार्जिंगसाठी चालवले तरी ताशी साधारण एक ते दीड लिटर डिझेल जाते, आणि कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या परवान्याच्या अटींनुसार रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत मूरिंगवर इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही. हिवाळ्यात वीज जास्त लागते ती अंधार पडल्यावर, आणि भरायची मुभा मात्र दिवसा. हे गणित ज्या बॅटरीला झेपेल ती तुमची बॅटरी.

तांब्याची_तार

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. शिसे-आम्ल बॅटरी नेमकी कशाने मरते हे मी सविस्तर लिहितो, कारण ते समजले की देखभालीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

बॅटरीतून वीज काढली की दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, आणि चार्ज केल्यावर ते पुन्हा विरघळून शिसे, लेड डायऑक्साइड व गंधकाम्ल मिळते. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते आणि सहज परततेही. ते तसेच दिवसेंदिवस पडून राहिले तर त्याचे मोठे कठीण स्फटिक बनतात, आणि मग साध्या चार्जिंगने ते विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात. बॅटरी ५० टक्क्यांखाली उतरवू नका असे जे सांगितले जाते ते योग्यच आहे, परंतु बोटीवरच्या बॅटऱ्यांना त्याहून मोठा धोका असतो तो शेवटचे १५-२० टक्के कधीच न भरले जाण्याचा.

हे शेवटचे टक्के वेळखाऊ असतात. सुमारे ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर प्रवाह घेते. त्यानंतर व्होल्टेज १४.४ ते १४.८ च्या मर्यादेला टेकते आणि प्रवाह आपोआप घटत जातो, मग अल्टरनेटर ९० अँपिअरचा असो वा १७५ चा. त्या टप्प्यावर मोठा अल्टरनेटर उपयोगी पडत नाही, फक्त वेळ उपयोगी पडतो, आणि रिकाम्या बॅटरीपासून पूर्ण भरेपर्यंत आठ तास किंवा त्याहूनही अधिक सहज लागतात. रोज दोन तास इंजिन चालवणारा माणूस बॅटऱ्या ६० आणि ८५ टक्क्यांच्या मध्ये हेलकावत ठेवतो, आणि काही महिन्यांत त्या ८५ टक्क्यांचा अर्थच बदलून जातो.

पूर्ण भरल्याची खूण व्होल्टेजमध्ये नसते, प्रवाहात असते. व्होल्टेज १४.४ च्या वर स्थिर असताना बॅटऱ्यांमध्ये जाणारा प्रवाह त्यांच्या क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर आला आणि पुढे तासभर घटेनासा झाला, तर बॅटऱ्या भरल्या असे समजावे. तुमच्या ४४० अँपिअर-तासांसाठी हा आकडा ४ ते ८ अँपिअर येतो. त्यासाठी ऋण तारेवर शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अल्प रोध) बसवलेला मॉनिटर किंवा डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. बोट विकत घेतल्यावर पहिला खर्च मॉनिटरवर करावा, बॅटऱ्यांवर नंतर.

मात्र मॉनिटरवरच्या टक्केवारीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते यंत्र आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर-तास मोजते आणि तुम्ही सांगितलेल्या क्षमतेने भागते. क्षमता ४४० टाकलेली आहे आणि बॅटऱ्या झिजून २०० वर आल्या आहेत, तर पडदा ७५ टक्के दाखवत असताना बॅटऱ्या प्रत्यक्षात निम्म्या रिकाम्या झालेल्या असतील. अँपिअर आणि व्होल्टेज हे मोजलेले आकडे असतात. टक्केवारी हा तर्क असतो.

तुमच्यासाठी चाचणी अशी. एकदा बॅटऱ्या वर सांगितलेल्या खुणेपर्यंत पूर्ण भरा. मग चार्जिंगचे सगळे स्रोत बंद करा, सौर पॅनेलसुद्धा, आणि काही तास तसेच राहू द्या. निरोगी बॅटरी सुमारे १२.७ व्होल्टवर विसावते. त्यानंतर २० अँपिअरच्या आसपासचा भार लावून मोजून वीज काढा, मध्ये मध्ये भार काढून बॅटऱ्यांना विसावू द्या आणि व्होल्टेज पाहा. विसावलेले व्होल्टेज १२.२ म्हणजे साधारण निम्मी बॅटरी. तोपर्यंत जितके अँपिअर-तास काढले त्याच्या दुप्पट ही तुमच्या बॅटऱ्यांची आजची खरी क्षमता.

ट्युब्युलरबद्दल : ती बॅटरी उत्तम असते यात शंका नाही. तिच्या धन पट्ट्या नळ्यांच्या असल्यामुळे खोल डिस्चार्ज ती चांगला सोसते, आणि त्याच जातीच्या बॅटऱ्या येथे फोर्कलिफ्टमध्ये वापरतात; काही बोटवालेही २ व्होल्टचे तसे सेल जोडून वापरतात. अडचण उंचीची, वजनाची आणि वरून पाणी टाकायला लागणाऱ्या जागेची आहे, कारण बोटीच्या मागच्या फळ्यांखाली तेवढी उंची बहुधा नसते. पण नाशिकला ती टिकली त्याचे कारण केवळ तिच्या बनावटीत नव्हते. लोडशेडिंग संपले की वीज यायची आणि बॅटरी रात्रभर निवांत पूर्ण भरायची. बोटीवर तिला हे सुख मिळणार नाही.

कालवाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. एक क्लॅम्प मीटर मिळवला आणि सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. भरताना व्होल्टेज फार लवकर १४.४ वर गेले आणि प्रवाह १५ अँपिअरच्या खाली उतरेचना. ८० अँपिअर-तास काढल्यावर विसावलेले व्होल्टेज १२.२ भरले, म्हणजे ४४० ऐवजी सुमारे १६० च शिल्लक आहेत. चारही बॅटऱ्या सुट्या करून रात्रभर ठेवल्या, तर तीन १२.६ च्या जवळ होत्या आणि एक १०.५ वर होती. तीच बॅटरी चार्जिंगच्या वेळी हाताला कोमट लागत होती.

तीन ठेवून एकच बदलावी का? आणि सरळ लिथियम का घेऊ नये?

तांब्याची_तार

ती १०.५ वाली बॅटरी आत्ताच, आजच, जोडणीतून काढून टाका. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. तिचा एक सेल आतून शॉर्ट झाला आहे. उरलेले पाच सेल १४.४ व्होल्ट झेलतात, त्यामुळे ती तापते आणि बाकीच्या तिघींचीही वीज सतत पिऊन टाकते. प्रवाह १५ च्या खाली का येत नव्हता याचे उत्तर बहुतेक येथेच आहे. अशी बॅटरी चार्जवर ठेवली की सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायू विषारी असतो. वास आला तर चार्जिंग बंद करावे, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बॅटरी गार झाल्यावरच तिला हात लावावा.

यात आणखी एक गोष्ट बोटीवर राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. राहण्याची सोय असलेल्या खासगी बोटींवर १ एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीमने (बोटींच्या सुरक्षिततेचे नियम व तपासणी पाहणाऱ्या योजनेने) कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा केला आहे, आणि बॅटऱ्यांतून निघणाऱ्या हायड्रोजननेही तो अलार्म वाजू शकतो. स्टोव्ह विझलेला आहे, इंजिन बंद आहे आणि तरी अलार्म वाजतो आहे, तर आधी बाहेर पडा आणि नंतर बॅटऱ्यांचा संशय घ्या. अलार्म बिघडला असे समजून त्याचे सेल काढणे जिवावर बेतू शकते.

एकच नवी बॅटरी जुन्यांसोबत जोडू नये. जुन्या तिघी तिला आपल्या पातळीला खेचून आणतात. समांतर जोडलेला संच एका वेळी, एका जातीचा, एका वयाचा असावा.

दक्षिणायन

मी बरीच वर्षे ऑक्सफर्ड कालव्यावर राहतो आणि दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या वापरल्या आहेत. सतत फिरणाऱ्या, काठावरची वीज नसलेल्या आणि बोटीवरून काम करणाऱ्या माणसाने लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण क्षमता किंवा आयुष्य यापेक्षाही वेगळे आहे : या बॅटरीला पूर्ण भरण्याची गरजच नसते. ती ४० आणि ८० टक्क्यांच्या मध्ये आठवडेच्या आठवडे राहिली तरी तिचे काही बिघडत नाही, उलट तिला ते मानवते. सल्फेशन नावाची गोष्टच नाही. डिसेंबरात सलग आठ तास इंजिन चालवण्याचा तगादा संपतो, हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा.

तुमच्या चार ११० च्या बॅटऱ्या नव्या असत्या तरी निम्मी क्षमता, म्हणजे २२०, हीच वापरायची होती. १०० अँपिअर-तासांच्या तीन लिथियम बॅटऱ्यांचे ८० टक्के वापरले तर २४० मिळतात. चार्जिंगचा प्रवाह जवळजवळ शेवटपर्यंत घटत नाही, त्यामुळे दिवसाला लागणारे १४०-१५० अँपिअर-तास सुमारे तीन तासांच्या इंजिनात भरून येतील, आणि बोट हलवत असाल त्या दिवशी ते तास आपसूकच मिळतील. वजन कमी असल्याची जाहिरात मात्र मनावर घेऊ नका. प्रवासी व्हॅनला ते महत्त्वाचे असते. जी पोलादी बोट पंधरा-सोळा टनांची आहे आणि जिच्या तळाशी मुद्दाम वजन भरलेले आहे तिला साठ-सत्तर किलो कमी झाल्याने काय फरक पडणार?

परंतु जुन्या काढल्या आणि नव्या ठेवल्या, इतके हे सोपे नाही, आणि विक्रेते तसे सांगतात तेव्हा मला वाईट वाटते. लिथियमचा अंतर्गत रोध अत्यल्प असतो. शिसे-आम्ल बॅटरी अल्टरनेटरला थोड्या वेळात विश्रांती देते. लिथियम त्याच्याकडून मिळेल तितके मागत राहते. इंजिन संथ गतीवर असताना अल्टरनेटरचा पंखाही संथ फिरतो, आणि तासाभरात त्याच्या गुंडाळ्या जळू शकतात. दुसरा धोका असा की बॅटरीच्या आतील संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला की बॅटरी क्षणात तोडते. अल्टरनेटर भरात असताना त्याचा भार असा एकाएकी निघून गेला तर व्होल्टेजचा मोठा झटका बसतो आणि अल्टरनेटरचे डायोड जातात.

यावर साधा आणि खात्रीचा उपाय म्हणजे अल्टरनेटर शिशाच्या बॅटरीलाच जोडलेला ठेवायचा आणि तेथून डीसी-टू-डीसी चार्जरमार्फत लिथियम भरायची. तुमचा ९० चा अल्टरनेटर तापल्यावर ६० च्या आसपासच देत असेल, म्हणून ३० अँपिअरचा एक चार्जर त्याला निश्चित झेपेल. दोन जोडायचे असतील तर अल्टरनेटरचे तापमान मोजून मगच. एका चार्जरवर तीन तासांचे गणित साहजिकच लांबते, हे ध्यानात ठेवा. अल्टरनेटरला तापमानाचा सेन्सर असलेला बाहेरचा रेग्युलेटर बसवणे हा अधिक चांगला मार्ग आहे, पण ते जाणकाराचे काम आहे.

थंडीबद्दलही लिहितो. शून्य अंशाखाली या बॅटऱ्या चार्ज करायच्या नाहीत, कारण त्या तापमानात लिथियम धातूचा थर आत साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. वीज काढायला हरकत नसते. चांगल्या बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय असते. ती आहे याची खात्री करूनच बॅटरी घ्या. आम्ही बॅटऱ्या इंजिनाच्या कप्प्यातून काढून केबिनमध्ये पायऱ्यांखाली आणल्या. तेथे थंडीही नाही आणि इंजिनाची धगही नाही.

सुकाणू

दक्षिणायन यांच्या तपशिलांबद्दल वाद नाही, पण हा धागा वाचून प्रत्येकाने लिथियमकडे धाव घेऊ नये असे वाटते. ज्यांची बोट मरीनात काठावरच्या विजेला जोडलेली असते, त्यांच्या बॅटऱ्या चार्जरवर रोज पूर्ण भरतात, आणि तेथे साध्या शिसे-आम्ल बॅटऱ्या वर्षानुवर्षे समाधानाने चालतात. त्यांनी लिथियमवर पैसे का घालावेत? फिरणाऱ्यांमध्येही ज्यांना रोज ५०-६० अँपिअर-तासच लागतात आणि जे आठवड्यातून एक मोठा दिवस बोट चालवतात, त्यांचे शिशावर उत्तम भागते.

त्यांच्यासाठी मी पाणी टाकता येणाऱ्या उघड्या सेलच्या बॅटऱ्या सुचवीन, विशेषतः गोल्फच्या गाड्यांसाठी बनवलेल्या ६ व्होल्टच्या, सुमारे २२५ अँपिअर-तासांच्या. दोन-दोन एकसर जोडून १२ व्होल्ट करायचे. यांच्या पट्ट्या जाड असतात, आणि प्रत्येक सेल हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) तपासता येतो. पूर्ण भरलेल्या सेलचे विशिष्ट गुरुत्व १.२७ ते १.२८ येते, एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने खाली असेल तर तो रोगी आहे हे महिनोन् महिने आधी कळते. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यानंतर टाकावे, आधी टाकले तर चार्जिंगच्या वेळी आम्ल उतू जाते. सीलबंद बॅटरीची देखभाल करावी लागत नाही असे म्हणतात. खरे तर ती करताच येत नाही.

एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली) आणि जेल (आम्ल घट्ट केलेली) या सीलबंद शिसे-आम्लाच्या मधल्या जातींबद्दल मला फारसे प्रेम नाही. किंमत जास्त, सल्फेशन तेच, आणि जेलला १४.४ व्होल्टच्या वर नेले तर आत बुडबुडे अडकून ती कायमची खराब होते. बॅटरी उलटण्याची शक्यता किंवा हवा खेळती ठेवण्याची अडचण असेल तेथे त्या घ्याव्यात.

लिथियम घेताना आपल्या विमा कंपनीला आधी लेखी विचारा. आयर्न फॉस्फेटची रसायनरचना विजेच्या सायकली आणि स्कूटरमध्ये बहुधा असणाऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलपेक्षा बरीच स्थिर आहे, पण विमा अर्जात हा फरक आपल्यालाच स्पष्ट करून सांगावा लागतो. जुन्या वाहनातून काढलेले सेल स्वस्त मिळतात म्हणून झोपायच्या खोलीखाली ठेवू नयेत.

ओलावा

एक उपप्रश्न विचारतो. आमची बोट लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर मूरिंगला असते, तेथे वीज नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च आम्ही तिच्याकडे क्वचितच जातो. बॅटऱ्या शिशाच्या, उघड्या सेलच्या आहेत. हिवाळ्यात त्यांचे काय करावे?

सुकाणू

पूर्ण भरून, मुख्य आयसोलेटर (बॅटऱ्या तोडणारा मुख्य स्विच) बंद करून जा. तळातील पाणी उपसणारा स्वयंचलित पंप सहसा आयसोलेटरच्या आधी जोडलेला असतो, तो तसाच चालू राहू द्या. सौर पॅनेल लहान असले तरी हिवाळ्यात कोणतीही वीज खर्च होत नसेल तर बॅटऱ्यांची नैसर्गिक घट भरून काढायला ते पुरते. सौर पॅनेलचा चार्जिंग कंट्रोलर थेट बॅटऱ्यांना जोडलेला आहे याची खात्री करा. भरलेल्या बॅटरीतले आम्ल इंग्लंडच्या कोणत्याही थंडीत गोठत नाही. रिकाम्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरते. शून्याखाली सात-आठ अंशांवर ते गोठून कवच फुटू शकते. लिथियम असती तर उलट सांगितले असते : निम्मी भरा, सौर चार्जिंगही तोडा आणि निश्चिंतपणे घरी जा.

तांब्याची_तार

जोडणीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. समांतर संचातून धन आणि ऋण या दोन्ही मुख्य तारा एकाच टोकाच्या बॅटरीवरून घेतलेल्या मी अनेक बोटींवर पाहिल्या आहेत. अशा जोडणीत त्या टोकाची बॅटरी सर्वांत जास्त राबते आणि दूरची अर्धवट भरलेली राहते. धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घेतली तर चौघींमध्ये भार बराचसा समान वाटला जातो. खर्च म्हणाल तर एका लांब तारेचा.

इन्व्हर्टरच्या तारा जाड आणि शक्य तितक्या आखूड हव्यात. २००० वॅटला १२ व्होल्टवर १८० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि तारेत अर्धा व्होल्ट जरी गळला तरी इन्व्हर्टर भरलेल्या बॅटरीवरही तक्रार करतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. लिथियमसाठी तर प्रचंड शॉर्ट-सर्किट प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकणारा टी वर्गाचा फ्यूज घ्यावा, कारण साधा फ्यूज वितळूनही ठिणगीचा प्रवाह चालूच राहू शकतो.

बॅटऱ्या पक्क्या बांधलेल्या, टर्मिनल झाकलेली आणि कप्पा हवेशीर असावा. बोट सेफ्टी स्कीमच्या दर चार वर्षांनी होणाऱ्या तपासणीत हे सगळे पाहतात. काम करण्यापूर्वी अंगठी, कडे, बांगड्या, गळ्यातले, सर्व काढून ठेवावे आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावा. ऋण तार आधी सोडवायची आणि शेवटी जोडायची. सांडलेल्या आम्लासाठी खाण्याच्या सोड्याचे पाणी हाताशी असावे. घट्ट केलेल्या लगवर (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) व्हॅसलीनचा पातळ थर दिला की हिरवट-पांढरा थर चढत नाही.

कालवाकाठ

खराब बॅटरी काढून टाकली आणि उरलेल्या तिघींवर सध्या काटकसरीने निभावतो आहोत. लॅपटॉप इन्व्हर्टरऐवजी १२ व्होल्टच्या चार्जरवर घेतले, रात्री इन्व्हर्टर व राउटर दोन्ही बंद ठेवतो, आणि मॉनिटर बसवल्यावर रोजचा वापर ११० अँपिअर-तासांपर्यंत उतरलेला दिसतो आहे. चर्चेअंती १०० अँपिअर-तासांच्या तीन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, थंडीत चार्जिंग तोडणाऱ्या बीएमएससह, आणि ३० अँपिअरचा एक डीसी-टू-डीसी चार्जर असे ठरले आहे. अल्टरनेटर इंजिनाच्या बॅटरीवरच राहील. विमा कंपनीचे लेखी उत्तर आले आहे; जोडणीचे काम जाणकाराकडून करून तिची नोंद ठेवावी, एवढीच त्यांची अट आहे. सौर कंट्रोलर जुनाच वापरणार आहोत. त्यात काय बदल करावे लागतील?

तांब्याची_तार

कंट्रोलरमध्ये लिथियमची स्वतंत्र निवड असेल तर ती घ्या. नसेल तर चार्जिंग व्होल्टेज १४.२ ठेवा, फ्लोट (भरल्यानंतर टिकवून ठेवायचे व्होल्टेज) १३.४ किंवा १३.५, आणि इक्वलायझेशन (शिशाच्या बॅटरीचे सेल समतोल करण्यासाठीचे मुद्दाम जास्त चार्जिंग) पूर्णपणे बंद करा, कारण ते १५ व्होल्टच्या वर नेते. तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोयही बंद करा. शिशाच्या बॅटरीला थंडीत जास्त व्होल्टेज लागते म्हणून ती असते, लिथियमला ती घातक ठरते. मॉनिटरमध्ये क्षमता ३०० टाकायला आणि पूर्ण भरल्याची व्याख्या बदलायला विसरू नका. लिथियमचे व्होल्टेज मधल्या सगळ्या पल्ल्यात १३.२-१३.३ वरच रेंगाळते, त्यामुळे यापुढे व्होल्टेजवरून किती शिल्लक आहे हे कळणार नाही आणि मोजलेल्या अँपिअर-तासांवरच भिस्त ठेवावी लागेल. तो हिशेब हळूहळू सरकत जातो, म्हणून महिन्यातून एखाद्या वेळी पूर्ण चार्ज करून मॉनिटर १०० वर आणावा. तेवढ्यात सेलही एकमेकांशी समतोल होतात.

तीन बॅटऱ्या समांतर जोडण्यापूर्वी प्रत्येक बॅटरी वेगवेगळी पूर्ण भरून घ्या. एक भरलेली आणि एक अर्धी अशा एकदम जोडल्या तर त्यांच्यातला प्रवाह बीएमएसच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. जोडणीनंतर आठवड्याभराने मिक्सर चालू ठेवून प्रत्येक बॅटरीच्या तारेचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवेत; एखादा फार कमी आला तर बॅटरीला दोष देण्याआधी तिचे लग तपासा.